‘हाऊ इन्स्पेक्टर आमना गावना नही’

धुळ्याला महाविद्यालयात शिकत असताना, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, आग्रा रोडलगतच्या एका बोळातील सर्क्युलेटिंग लायब्ररीचा मी सभासद होतो. थोडी अनामत आणि पुस्तकामागे रोजचे काही पैसे भाडे, असा तो व्यवहार. पुस्तकांना खाकी पुठ्ठ्याची बांधणी असे. मुखपृष्ठावरील पिस्तूल आणि बाई ही दोन्ही त्या बांधणीत नाहीशी होत, त्यामुळे तासाला वर्गात नेण्यासही ती पुस्तके सोयीची होती. त्यांतील एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली होती : ‘हाऊ इन्स्पेक्टर आमना गावना नही.’ अहिराणी न जाणणाऱ्यांसाठी सांगायचे तर, हा इन्स्पेक्टर आमच्या गावचा नाही. त्या पुस्तकाचे नाव आज आठवत नाही, ओळ आठवते. पुढे आयुष्यभर जळगावला साहित्याचे अध्यापन केले, आणि मराठी रहस्यकथेविषयी विचार करण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक वेळी ह्या अनामिक वाचकापाशीच येऊन थांबावे लागले.

रहस्यकथेचे वाचक मते मांडत नाहीत, ती नुसती वाचतात आणि विसरतात, असे आपल्या समीक्षाव्यवहारात गृहीत धरलेले असते. भाड्याची पुस्तके चाळलेल्या माणसाला हे गृहीतक टिकणार नाही हे ठाऊक आहे. त्या पुस्तकांचे समास बोलके असत. काही शेरे सरळ उपद्रवी. पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवणारा एक महाभाग प्रत्येक गावात असतो. काही शेरे कारागिरीचे परीक्षण करणारे : दार आतून बंद होते तर हा बाहेर कसा आला, पृष्ठ अमुकवर गोळ्या सहा होत्या, आता सातवी कुठून आली. आणि काही, संख्येने थोडे, त्या धुळ्याच्या वाचकासारखे, पुस्तकातील जग आणि आपले जग ह्यांची तुलना करून निवाडा देणारे. वाचकवर्गाच्या अभिरुचीचा अभ्यास इंग्रजीत क्यू. डी. लीव्हिस ह्यांनी १९३२ मध्येच केला. पण त्यात लोकप्रिय कथांचा वाचक हा बहुधा एखाद्या आजाराचा रुग्ण म्हणून येतो. आमच्या समासातला वाचक मला रुग्ण वाटला नाही. तो हिशेब मागत होता.

त्याला वाचायला काय मिळत होते, हे पाहिले पाहिजे. बाबूराव अर्णाळकर (१९०६–१९९६) ह्यांच्या हजाराहून अधिक कथांतला झुंजार किंवा काळा पहाड कायद्याच्या बाहेर राहून दुर्जनांना शासन करतो. धनंजय बुद्धीने उकल करतो. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप देशाच्या शत्रूंशी लढतो. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) ह्यांनी वकील अमर विश्वास आणि गुप्तहेर फिरोज इराणी उभे केले. त्यांची भाषा तरुण, कॉलेजच्या कट्ट्यावरची, आणि म्हणूनच आमच्या पिढीला ती एकदम आपली वाटली. ह्या तिघांच्या जगात पुष्कळ अंतर आहे, परंतु एक गोष्ट समान आहे. गुन्हा कितीही भीषण असो, तो जगाच्या मूळ रचनेला लागलेला डाग असतो. नायक तो पुसतो, आणि कापड मुळात स्वच्छच होते अशी खात्री घेऊन वाचक झोपी जातो.

अमेरिकी कादंबरीत ह्याच्या नेमकी उलट रीत रूढ झाली. इंग्रजीत तिच्यासाठी जे विशेषण आहे त्याचा शब्दशः अर्थ पूर्ण उकडलेल्या अंड्याकडे जातो. मराठीत मी ‘निबर’ म्हणेन. भरिताचे वांगे निबर निघाले की घरात जी नाराजी होते ती ह्या शब्दात आहे, आणि ती येथे उपयोगी पडते. डॅशिएल हॅमेट ह्यांच्या १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये गुप्तहेर एका खाणगावात येतो आणि त्याला आढळते की गुन्हेगार गावात शिरलेला नाही, गावच त्याच्यावर चालले आहे : पोलीसप्रमुख, मालक, जुगाराचे अड्डेवाले ह्यांचा एकच संसार आहे. रेमंड चँडलर ह्यांचा फिलिप मार्लो (‘द बिग स्लीप’, १९३९) भाड्याच्या कचेरीत बसतो, मार खातो, सत्य शोधतो आणि पुष्कळदा ते कुणालाच सांगू शकत नाही. तोदोरोव्ह ह्यांनी १९६६ मध्ये ह्या दोन प्रकारांतील भेद कथनाच्या अंगाने मांडला. रूढ रहस्यकथेत गुन्ह्याची कथा संपलेली असते आणि तपासाची कथा तिच्यावर उभी राहते, म्हणून तपास करणारा सुरक्षित असतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कथा एकमेकींत मिसळतात; तपास करणाऱ्यालाही इजा होऊ शकते.

हा निबर गुप्तहेर मराठीत का रुजला नाही? खाजगी गुप्तहेराला आपल्याकडे तपासाचा कायदेशीर अधिकार नाही, म्हणून तो अविश्वसनीय वाटतो, हे उत्तर अपुरे आहे; झुंजारलाही अधिकार नव्हता. शिवाय शेजारच्या हिंदीत तो आला. भुसावळ जंक्शनवरील पुस्तकांच्या स्टॉलमुळे खानदेशच्या वाचकाला हिंदी उपन्यास कधीच परका नव्हता. सुरेंद्र मोहन पाठक ह्यांचा सुधीर कोहली हा दिल्लीचा खाजगी गुप्तहेर स्वतःच्या तोंडाने, स्वतःचीही टवाळी करीत कथा सांगतो. त्यांचा विमल तर कायद्यापासून पळणारा माणूस आहे. ह्या पुस्तकांवर रेल्वेतल्या ओळखीच्या एका वाचकाचे मत असे होते, की ‘ह्यांत निदान हवालदार पैसे घेतो.’ म्हणजे मागणी होती. मराठी लेखकाने ती ऐकली नाही, किंवा ऐकूनही मध्यमवर्गीय सभ्यतेच्या संकोचाने बाजूला ठेवली.

येथवरचे विवेचन मी बरीच वर्षे वर्गात समाधानाने करीत असे. १९९४ मध्ये ते समाधान संपले. त्या वर्षी जळगावात मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, त्यांच्या भीतीवर त्यांचे शोषण करणाऱ्यांचे प्रकरण उजेडात आले. स्थानिक राजकारणातील माणसांची नावे त्यात आली. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर ह्यांच्यासारखे अधिकारी तपासात होते. तरीही पुढील काही वर्षांत बहुतेक आरोपी सुटले, कारण साक्ष देण्यासाठी पुढे येणे म्हणजे काय हे त्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक होते. त्या दिवसांत नव्या पेठेत सकाळी वर्तमानपत्रे संपून जात. माणसे पुढचा भाग वाचावा तशी बातमी वाचत, तर्क लढवत, नावे कुजबुजत. मीही त्यात होतो, हे लिहिले पाहिजे. रहस्यकथेने लावलेली सवय — पुढे काय, कोण, किती जण — मी माझ्याच गावातील मुलींच्या दुःखावर चालवत होतो. हॅमेटचे खाणगाव शिकवताना मला त्यात जळगाव दिसले नव्हते. आणि दिसले तेव्हा मी समासातला वाचक होतो, बघणारा.

त्याच सुमारास लायब्ररीत नियमित येणाऱ्या एका प्रौढ गृहिणीशी माझे बोलणे झाले. त्या आठवड्याला चार-पाच रहस्यकथा नेत. मी प्राध्यापकी उत्साहाने त्यांना सांगितले, की ही पुस्तके खोटे समाधान देतात, शेवटी सारे नीट होते असे भासवतात. त्यांनी पुस्तके पिशवीत ठेवता ठेवता म्हटले, ‘सर, ते खोटं आहे हे आम्हांला तुमच्याआधी कळतं. म्हणून तर वाचतो. कुठंतरी त्याला शिक्षा झालेली बघायला नको?’

डब्ल्यू. एच. ऑडन ह्यांनी १९४८ मध्ये रहस्यकथेच्या वाचकाला हरवलेल्या निष्पापतेचे स्वप्न पाहणारा ठरवले, आणि चँडलरची पुस्तके मात्र गुन्हेगारी परिसराचा गंभीर अभ्यास म्हणून वेगळी काढली. ह्या विभागणीत त्या बाईंना जागा नाही. त्यांना निष्पापतेचा भ्रम नव्हता. गाव कसे चालते ते त्यांना मार्लोइतके ठाऊक होते. धुळ्याच्या वाचकाने इन्स्पेक्टर आपल्या गावचा नाही अशी तक्रार केली, जळगावच्या वाचक बाईंनी तो आपल्या गावचा नाही म्हणूनच त्याला घरी नेले. दोघांचे ज्ञान एकच आहे. पहिला त्या ज्ञानाच्या बळावर पुस्तकाला दोष देतो, दुसरी त्याच ज्ञानाच्या बळावर गावाला. आपली समीक्षा पहिल्याला ‘जाणता’ आणि दुसरीला ‘पलायनवादी’ म्हणते. हा भेद वाचनातून आलेला नसून आपल्याच प्रतिष्ठेच्या कल्पनांतून आलेला आहे.

मराठीत निबर गुप्तहेराची कादंबरी लिहिली जावी असे मला अजूनही वाटते. जळगाव-धुळ्याचे बोळ, पतपेढ्या, पुढाऱ्यांच्या बैठका तिच्यासाठी उपलब्ध आहेत. पण ती लिहिणाऱ्याने त्या बाईंचे मत आधी ऐकावे. अंती कुणालाच शिक्षा होत नाही हे दाखवणे ही तिला नवी बातमी नाही. तिला न सांगता आलेले, साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत न पोहोचलेले जे आहे, ते ऐकणारा कुणी त्या कादंबरीत असेल, तरच ती हे पुस्तक पिशवीत घालील.

आग्रा रोडच्या बोळातली ती लायब्ररी आता नाही. तिची पुस्तके रद्दीत गेली असतील, समासांसह. तो शेरा लिहिणाऱ्याला मी कधी पाहिले नाही. त्याच्या ओळीखाली त्या दिवशी आपणही काही लिहावे असे मनात आले होते, आणि मी पुस्तक तसेच परत केले.