बाद झालेली पाने

पत्ते म्हटले की वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, हे आम्ही जाणून आहो. तथापि प्रस्तुत लेखातील पत्ते रमी-तीनपत्तीचे नव्हेत, हे आरंभीच सांगून टाकितो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे बंधू. पुण्याच्या मामांनी एका दिवाळीस ‘पोकेमॉन’ची पाने आणून दिली, तेव्हापासून आम्हांस या खेळाचा नाद लागला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच नादाने आम्हांस जो धडा दिला, तो येथे निवेदन करण्याचे योजिले आहे.

नेहमीच्या कॅटात ५२ पाने असतात, आणि आजोबांच्या काळी होती तीच आजही आहेत. या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू हजारो पानांतून निवड करून आपला ६० पानांचा जोड स्वतः बांधतो. नवे संच वरचेवर निघत असतात. जुनी सर्वच पाने स्पर्धेत कायम राहिली, तर नवख्या मुलास पंचवीस वर्षांपूर्वीची दुर्मिळ पाने धुंडाळावी लागतील; शिवाय जुन्या-नव्या पानांच्या संयोगाने एखादा जोड असा बलाढ्य होईल की त्यापुढे इतर कोणाचे काही चालणार नाही. म्हणून जुने संच ठराविक काळाने बाद करितात. ही युक्ती पोकेमॉनची मूळची नव्हे. रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली निघाला, आणि १९९५ सालीच त्यात केवळ अलीकडच्या संचांच्या स्पर्धा निराळ्या काढण्यात आल्या. पोकेमॉनच्या पानांवर २०२० पासून खालच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापितात. ते अक्षर बाद झाले की ते पानही बाद. नवी पाने खपावीत हा व्यापारी हेतूही यात आहेच; तो नाकारण्यात अर्थ नाही.

आमचा जोड ‘लॉस्ट झोन’चा होता. या जागी टाकलेले पान त्या डावात पुन्हा हाती येत नाही. त्यातील कॉम्फी नामक पान आपल्या गठ्ठ्यातील वरची दोन पाने पाहू देई. एक हाती घ्यावयाचे, दुसरे कायमचे गमवावयाचे. अशी दहा पाने गमावली की सेबलायचा तडाखा सुरू होई, व तो प्रतिपक्षाच्या लहानसहान पोकेमॉनांस एका दमात लोळवी. हा जोड पुरा करण्यासाठी आम्ही भाऊबीजेची ओवाळणी आणि वर्षभराचा खाऊचा पैसा खर्चिला. शेवटची पाने एका विक्रेत्याने मार्च महिन्यात आम्हांस दिली. ती महिन्याभरात बाद होणार आहेत, हे त्याने सांगितले नाही. आणि आम्हीही विचारिले नाही.

मे महिन्यात आम्ही एस.टी.ने पुण्यास गेलो. मामांनी एका लहानशा स्पर्धेत आमचे नाव घातले होते. पंचांनी आमची पाने पाहिली, कोपऱ्यातील ‘एफ’ अक्षरावर बोट ठेविले आणि सौम्यपणे सांगितले की, ११ एप्रिलपासून ही पाने स्पर्धेत चालत नाहीत. कॉम्फी गेले, सेबलाय गेले. साठांतील जेमतेम वीस पाने उरली. आमच्यातील धाकट्याच्या डोळ्यांस धारा लागल्या. थोरल्याच्या लागल्या नाहीत, याचे कारण इतकेच की सभोवती मंडळी फार होती.

परत जाण्यास अवकाश होता, म्हणून दिवसभर आम्ही इतरांचे डाव पाहत बसलो. तेव्हा ध्यानात आले की, हानी एकट्या आमचीच झाली नव्हती. रेडियंट ग्रेनिन्जा हे पान पूर्वी नाना प्रकारच्या जोडांत असे. शक्तीचे एक पान टाकून दोन नवी पाने त्याच्यायोगे उचलता येत. तेही बाद झाल्याने सगळ्यांचेच हात आखडले होते. जे पूर्वी भराभर पाने ओढीत, ते आता एकेक पान मोजून खेळत होते. सेबलायचे भय सरल्याने काहींनी नाजूक पोकेमॉन निर्धास्तपणे मांडिले, आणि ज्याची पाने अद्याप चालू होती त्या ड्रॅगापल्टने नेमका त्यांचाच समाचार घेतला! एक बलिष्ठ जोड गेला की त्याच्या धाकाने दबलेले वर येतात. मग त्यांस दाबणारा दुसरा उत्पन्न होतो. पाने थोडीच बदलतात, परंतु सर्वांचीच गणिते पुन्हा मांडावी लागतात.

घरी येऊन ही कर्मकथा बाबांस सांगितली. बाबा तरुणपणी खो-खो खेळत, आणि सारिका काळे यांस २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून तर या जिल्ह्याच्या खो-खोविषयी ते अभिमानाने बोलतात. ते म्हणाले, “अरे, २०२२ साली ‘अल्टिमेट खो खो’ सुरू झाली, तीत वझीर आला. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचे नाही, यावर आमचे सारे हुलकावणीचे कसब उभे. आणि हा वझीर वाटेल त्या दिशेने धावणार! नियम बदलला तरी पाय तेच राहतात, बाळांनो. डोके मात्र नवे चालवावे लागते.”

हे बोलणे मनात घेऊन उरलेली वीस पाने आम्ही पुढे मांडिली. कोणते पान ठेवावे व कोणते सोडावे, हा प्रश्न कॉम्फीने आम्हांस शेकडो वेळा घातला होता. कॉम्फी बाद झाले; पण तो प्रश्न सोडविण्याची सवय कोणत्याही पंचास बाद करिता येणारी नव्हती. तिच्याच बळावर, मामांनी पाठविलेली चार-दोन साधी पाने घालून, आम्ही नवा जोड बांधिला.

त्या जोडाचा पहिला डाव शेजारच्या मुलाशी झाला. त्याने हा खेळ जूनमध्येच आरंभिला होता. जुने एकही पान त्याच्यापाशी नव्हते, आणि त्यास त्याची गरजही नव्हती. त्याने आम्हांस हरविले. गतवर्षीच्या जोडापुढे त्याचा निभाव लागला नसता, हे आम्ही जाणतो. परंतु मग तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास आलाही नसता. आता तो रोज येतो.

जुनी पाने एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेविली आहेत. घरच्या ओट्यावर पंच नसतो. तेथे रविवारी सेबलाय अजूनही तडाखे देतो.