माझा पिवळा सदरा

माझ्याजवळ खादीचा एक पिवळा सदरा आहे. धुऊन धुऊन त्याचा रंग विटला आहे, कोपराला ठिगळही लागले आहे. घरची मंडळी म्हणतात, "आता तो टाकून द्या." पण त्या सदऱ्याने मला एक धडा शिकवला आहे; म्हणून तो माझ्याने टाकवत नाही.

आमचे अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले. फाल्गुनात रानातला पळस फुलला, की आम्ही मुले त्याची फुले उकळून होळीसाठी रंग करीत असू. सपाटीवरच्या शेतांतला कापूस गाड्या भरून बाहेर जाई आणि कापड होऊन बाजारात परत येई. मधल्या वाटेवर कोणाकोणाचे हात त्याला लागतात, हे मी कधी विचारले नाही. घासाघीस करून कापड स्वस्तात मिळाले, की मी खूश होत असे.

पुढे मुख्याध्यापक असताना मुलांची सहल घेऊन मी वर्ध्याला गेलो. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी केले. चरख्याच्या सुधारणेसाठी झटलेले त्यांचे पुतणे मगनलाल यांचे नाव या संग्रहालयास दिले आहे. रासायनिक खतांवाचून पिकविलेल्या कापसाची खादी तेथे मिळते. खेड्यांतील स्त्रिया सूत काततात आणि फुले, साली, मुळे यांच्या रंगांत कापड रंगविले जाते. पळसासारखा पिवळा रंग पाहून मी एक कापड हाती घेतले. किंमत ऐकताच सवयीने म्हणालो, "बाई, काही कमी करा."

त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हाती पेळू दिला आणि जवळचा चरखा दाखवीत त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधी थोडे कातून तर पाहा!"

मी बसलो. सूत निघे आणि तुटे. कधी ते दोरीसारखे जाड होई, कधी केसासारखे बारीक. मुले तोंडे लपवून हसू लागली. बराच वेळ खटपट करूनही हातभर सूत काही धड निघाले नाही. मी मुकाट्याने उठलो आणि पुरी किंमत मोजली.

परतीच्या गाडीत मी मुलांना सांगितले, की कातणाऱ्यास पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, हे तत्त्व चरखा संघाने १९३५ साली स्वीकारले. त्यामुळे खादी महागणार, हे ठाऊक असूनही स्वीकारले. विनोबाजी तर वर्ध्याजवळच्या नालवाडीला स्वतः सूत कातून त्या मजुरीत निर्वाह होतो का, हे अनुभवून पाहत होते.

एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग बाजारातले कापड स्वस्त कसे?"

मी म्हणालो, "यंत्र झपाट्याने काम करते, हे एक कारण. पण कधी शिवणाऱ्याची मजुरी कापलेली असते, तर कधी रंगाचे घाण पाणी तसेच नदीत सोडलेले असते. आपले पैसे वाचतात. तोटा दुसऱ्याला सोसावा लागतो."

ती बराच वेळ आपल्या फ्रॉककडे पाहत राहिली. मीही गप्प झालो. आजवर केलेली घासाघीस मला आठवत होती.

येत्या फाल्गुनात हिरडा आणि तुरटीच्या पाण्यात सदरा भिजवून तो पळसाच्या रंगात पुन्हा रंगवायचा, असे मी ठरविले आहे. फुले वेचून आणण्याचे काम शेजारच्या मुलांनी आनंदाने पत्करले आहे.