उबवण आणि घाई

‘इन्क्युबेटर’ या शब्दाशी आम्हां दोघांची पहिली ओळख झाली ती काचेच्या पेटीच्या रूपाने. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाविषयी आमच्या भागात ‘बाळाला काचेत ठेवलंय’ एवढेच म्हणतात, आणि तेवढ्यात घरच्यांची सगळी धास्ती येते. पुढे अंडी उबवणी केंद्रात तोच शब्द भेटला, कोंबडीच्या अंड्याच्या एकवीस दिवसांच्या हिशेबासह. २०२० साली त्याचा भाऊबंद ‘इन्क्युबेशन पीरियड’ साथीच्या बातम्यांबरोबर घरोघर पोहोचला. आपले जुने वैद्यकीय लेखक त्याला परिपाककाल म्हणत. आणि याच सुमारास चौथा अर्थ कानावर आला : नव्या उद्योगांना जागा, उपकरणे, सल्ला आणि सुरुवातीचे भांडवल मिळवून देणारी संस्था. तिला काही ठिकाणी ‘उष्मायन केंद्र’ म्हटलेले आढळते. हा शब्द उच्चारतानाच घाम फुटतो. आम्ही आपले उबवणी केंद्रच म्हणू.

या चारही अर्थांत वाट पाहणे आहे. मग ज्या यंत्राविना माणसे आज, या क्षणी मरत आहेत, ते यंत्र उबवणीतून लवकर बाहेर यावे कसे? गंगापुरात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना हा प्रश्न पडण्याचे खरे तर काही कारण नव्हते. कारण एप्रिल २०२१ मध्ये घडले.

आमच्यापैकी एकाच्या वडिलांना, अण्णांना, गंगापुराहून शहरात हलवावे लागले. (शहर तेव्हा औरंगाबाद होते, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.) खाट मिळवण्यासाठी किती जणांना फोन केले ते आता आठवत नाही. सहाव्या दिवशी अण्णांना व्हेंटिलेटर लावला. त्या रात्री दाराच्या काचेतून आम्ही पाहत होतो. यंत्राची घंटा वाजत होती. दुसऱ्या विभागातून मदतीला आणलेली, फार तर बावीस वर्षांची परिचारिका पडद्याकडे पाहत उभी होती. तिने एक बटण दाबले, घंटा थांबली; मिनिटाभराने पुन्हा वाजू लागली. आम्ही दोघेही पदव्युत्तर पदवीधारक, पण पडद्यावरची ती चार इंग्रजी अक्षरे आम्हांलाही कळत नव्हती. अकराव्या दिवशी अण्णा गेले. यंत्राने किंवा त्या मुलीने दगा दिला, असे आम्ही म्हणत नाही. फुफ्फुसांत काही उरले नव्हते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही ते मानले. ती घंटा मात्र कानातून जाईना.

पुढे आम्ही या यंत्राविषयी मिळेल ते वाचू लागलो. शोक करण्याची ही आमची अध्यापकी रीत असावी. त्यातच श्रीकांत शास्त्री आणि अमिताभ बंद्योपाध्याय यांचे ‘द व्हेंटिलेटर प्रोजेक्ट’ हे २०२१ साली निघालेले पुस्तक हाती आले. कथा पुण्यातून सुरू होते. निखिल कुरेले आणि हर्षित राठौर हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. त्यांची ‘नोक्का रोबोटिक्स’ ही छोटी कंपनी पाण्याविना सौर पट्ट्या पुसणारे यंत्रमानव बनवीत असे. मार्च २०२० मध्ये या विशी-पंचविशीतल्या पोरांनी श्वसनयंत्र करायला घेतले. वैद्यकीय उपकरणाचा अनुभव शून्य, देशभर टाळेबंदी, आणि झडपा व संवेदक यांसाठी साऱ्या जगाची एकाच वेळी मागणी.

हवा आत ढकलणे हे यातले सोपे काम. रबरी पिशवी हाताने दाबूनही ते साधते. अवघड आहे ते रुग्णाचे ऐकणे. रुग्ण स्वतः श्वास घेऊ पाहतो तेव्हा त्याची ती क्षीण ओढ यंत्राला कळावी लागते आणि त्याच क्षणी साथ द्यावी लागते. नाहीतर माणूस आणि यंत्र एकमेकांशी झुंजतात. सुजलेल्या फुफ्फुसांत हवा जास्त भरली तर ती फाटतात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे साधारण सहा मिलिलिटर इतकीच हवा द्यायची. आणि उच्छ्वास संपतानाही आत थोडा दाब राखायचा, म्हणजे वायुकोश मिटत नाहीत. या राखलेल्या दाबाचेच इंग्रजी लघुरूप म्हणजे आम्ही त्या रात्री पाहिलेली चार अक्षरे : पीईईपी, बोलताना ‘पीप’.

आयआयटी कानपूरच्या उबवणी केंद्राने या मुलांसाठी केले काय? बंद्योपाध्याय तेव्हा त्या केंद्राचे प्रमुख होते. त्यांनी आणि शास्त्रींनी डॉक्टर, उद्योजक, अभियंते, सुटे भाग मिळवून देऊ शकणारे लोक असा एक गट मुलांच्या पाठीशी उभा केला. सगळे आपापल्या घरून, पडद्यावर भेटत. एरवी आधी यंत्र तयार होते, मग ते डॉक्टरांना दाखवले जाते, मग चाचणी, मग कारखान्याचा शोध, आणि प्रत्येक टप्प्यावर मागे फिरणे. इथे ‘हे चालणार नाही’ म्हणणारी माणसे पहिल्या आठवड्यापासून शेजारी बसली होती. कृत्रिम फुफ्फुसावर चाचण्या चालू असतानाच उत्पादनाची बोलणीही चालली होती. सुमारे नव्वद दिवसांत यंत्र उभे राहिले. आम्हांला जे समजले ते असे, की अंड्याचे एकवीस दिवस कोणी कमी केले नाहीत. उलट्या वाटेने फिरण्याचे दिवस वाचवले. आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या उबवणी केंद्रामार्फत केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘कवच’ ही योजना सुरू केली, तीही अशा नवउद्योगांना निधी आणि जाणकार यांची साथ मिळावी म्हणूनच.

एवढे वाचून आम्ही खूश झालो असतो, पण आमच्याच शहरातले उदाहरण डोळ्यांपुढे होते. २०२१ च्या उन्हाळ्यात येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. ते नीट चालत नाहीत, अशी तक्रार झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. केंद्राच्या बाजूने ते अमान्य करण्यात आले. यंत्रे हाताळण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवण्यात आले. खरे-खोटे ठरवण्याचा आम्हांला अधिकार नाही, आणि ती यंत्रे वर सांगितलेल्या गटाची नव्हती हेही नोंदवतो. पण त्या वादातला ‘हाताळणे’ हा शब्द वाचून आम्हांला दाराच्या काचेमागची ती मुलगी आठवली. यंत्र तीन महिन्यांत होऊ शकते. ते वापरणारा हात किती दिवसांत तयार होतो? कानपूरच्या त्या गटात डॉक्टर होते. रात्रपाळीची परिचारिका होती की नाही, हे पुस्तक मिटल्यावर आमच्या मनात राहिले.

वाळूजची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्यात. संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने २०१६ साली काढलेले ‘मॅजिक’ हे उबवणी केंद्रही आहे. तेव्हा या जगाशी आमचा कधी संबंध येणार नव्हता असे नाही. तो आला २०२२ मध्ये. आमचा एक जुना विद्यार्थी वाळूजला ऑक्सिजन उपकरणांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात लागला होता. एके दिवशी तो स्टाफरूममध्ये आला. ‘सर, हे मराठीत करून द्याल?’ यंत्राला अडकवण्याचे सूचनापत्र होते, इंग्रजीत, एका पानाचे. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी त्यावर घालवल्या. ‘अंतःश्वसन’, ‘निःश्वसन’, ‘प्रवाहमापक’ : परिभाषाकोश उघडून बसल्याचे समाधान चेहऱ्यावर मावत नव्हते. विद्यार्थ्याने पान घेतले, आभार मानले आणि तालुक्यातल्या एका परिचारिकाताईंना दाखवायला नेले.

चार दिवसांनी पान परत आले. ताईंनी निळ्या पेनाने आमचे बहुतेक शब्द खोडले होते. ‘निःश्वसन’च्या जागी ‘श्वास बाहेर’. ‘दाब अपेक्षित मर्यादेखाली’ याच्या जागी ‘नळी निघाली आहे का बघा’. आणि तळाशी, आमच्याकडून सुटलेली एक ओळ त्यांनी स्वतःची घातली होती : ‘घंटा बंद करण्याआधी पेशंटकडे बघा.’

आम्ही ते पान तसेच छापायला दिले.