एकास त्रेचाळीस

पेंट शॉपमध्ये वर्षं काढली की माणसाची नजर तिरपी होते. मी आमच्या नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत रंगाच्या तपासणीवर आहे. ट्यूबलाइटखाली पार्ट जरा कलता धरला की ओघळ, बसलेली धूळ, संत्र्याच्या सालीसारखा उठलेला रंग, सगळं दिसायला लागतं. रात्री जेवणं झाल्यावर हीच नजर मी नऊ सेंटिमीटर लांबीच्या एका फियाटवर लावतो. तिथं मात्र कारखान्यातलं निम्मं शहाणपण बाजूला ठेवावं लागतं.

फियाट ११००, धातूची, माप १:४३. हा आकडा आला खेळण्यातल्या आगगाडीकडून. ब्रिटनमध्ये ओ गेजच्या रेल्वेला फुटामागे ७ मिलिमीटर धरत, ३०४.८ला ७ने भागा, साडेत्रेचाळीस येतात. त्या रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्या होत्या, त्यांनी तेच माप उचललं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून लोकांसाठी उघडं असलेलं. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकीचे गाड्यांकडे बघत होते आणि मी फाटकापाशी थांबलेल्या वाहनांपुढून हललो नाही.

फियाटच का, तर तात्यांसाठी. मावळातली माणसं पोटासाठी मुंबईला गेली, कुणी डबे पोचवायला, कुणी गिरणीत. तात्या, माझे चुलते, टॅक्सीवर होते. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी १९६४पासून बनायची, पुढं तिचं नाव पद्मिनी झालं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, ताडदेवची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. तात्या त्याआधीच गावी येऊन भातशेतीला लागले होते, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मिळालेली फियाट इटलीतली, फिकट निळी, स्टिअरिंग डावीकडं. तळाचे रिवेट ड्रिलनं काढले, पेंट रिमूव्हरनं निळा रंग उतरवला, डॅशबोर्ड कापून स्टिअरिंग उजवीकडं नेलं. टपाच्या पिवळ्याखाली पांढरा प्रायमर दिला. पिवळा रंग अंगाचाच पातळ, खालचं सगळं दाखवतो. काचेभोवतीच्या पट्टीला चॉकलेटची चांदी लावली, कारण चंदेरी रंग कितीही घोटला तरी तो शेवटी राखाडीच दिसतो.

खरी अडचण जाडीची. खऱ्या मोटारीवर सगळे थर मिळून साधारण शंभर मायक्रॉन रंग असतो. त्याचा त्रेचाळिसावा हिस्सा अडीच मायक्रॉनसुद्धा भरत नाही, आणि इतका पातळ थर माझ्या एअरब्रशनं काय, कुणाच्याच हातून बसायचा नाही. दार आणि बॉडीमधली चार मिलिमीटरची फट इथं केसाएवढी होते. एक हात जास्त मारला की दार बुजलं. कारखान्यात मी रंग कमी पडलाय का ते बघतो. घरी तो जास्त झाला नाही ना, याची धास्ती.

पहिल्या वर्षी मी जुलैत काळा मारला. पाऊस तीन दिवस खळला नव्हता, भिंतींना ओल आलेली. मला धीर निघेना. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतलं पाणी त्या ओल्या रंगावर धरतं. सकाळी बघतो तर टॅक्सीवर धुकं. काळ्यावर पेजेचं पाणी सांडल्यासारखा पांढरट थर. कारखान्याच्या बूथमध्ये हवेची ओल आकड्यांत बांधलेली असते, ते मी रोज वाचतो, तरी घरी चुकलो. आता पावसाळ्यात फक्त कुंचल्याची कामं, सीटा, चाकं, खालचा सांगाडा. एअरब्रश खंडेनवमीला पूजेत मांडतो आणि दसऱ्यानंतरच काळ्याला हात घालतो.

तो काळाही निव्वळ काळा नाही, हे उमजायला मला दोन वर्षं लागली. डबीतला काळा जसाच्या तसा मारला तर गाडी कोळशाच्या तुकड्यासारखी दिसायची, आकारच हरवायचा. उत्तर आमच्या अंगणातूनच दिसत होतं. भंडाऱ्याचा डोंगर श्रावणात हिरवागार, पण पश्चिमेकडं सरकत गेलं की एकेक रांग निळी, मग राखाडी. मधल्या हवेनं रंग फिका होत जातो. अर्ध्या मीटरवरून मी ही फियाट बघतो म्हणजे खरी टॅक्सी वीसेक मीटरवरून बघतो. तेवढ्या अंतरावर ती जशी दिसली असती, तसा रंग तिला द्यायला हवा. मग काळ्याच्या दहा थेंबांत पांढऱ्याचा एक थेंब टाकला. त्या एका थेंबानं बॉनेटची गोलाई उठून आली. खऱ्या गाडीचा खरा रंग लहान गाडीला खोटा पडतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सगळ्यात शेवटी मीटर. पुढच्या काचेलगत, बाहेर, डाव्या अंगाला. पेटी साडेतीन मिलिमीटर, त्यावरचा झेंडा दीड मिलिमीटर, पत्र्याचा, चिमट्यानं धरून चिकटवलेला. रविवारी टॅक्सी तात्यांच्या हातात दिली. त्यांनी दारं बघितली, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा बघितला, मान डोलावली. मग खिडकीशी उजेडात नेली.

"आरं, मीटर पाडलाय तू."

"हो तात्या."

"मग भाडं कुठंय?"

मागची सीट रिकामी होती. मी सुईच्या टोकानं झेंडा सोडवला आणि श्वास धरून उभा चिकटवला. तात्या तोवर काही बोलले नाहीत. गोंद वाळल्यावर त्यांनी गाडी टेबलाच्या कडेला, चहाच्या कपापुढं, नाक बाहेर करून ठेवली.

"हां," ते म्हणाले, "आता लागली स्टँडला."