कमिट करण्याआधी

आमच्या पिढीनं वेबसाइटी बांधायला घेतल्या, तेव्हा ग्राहकाचा पत्ता बदलायचा तर अपडेटची क्वेरी हातानं लिहावी लागे. कुठलं टेबल, कुठला कॉलम, कुठली ओळ, सगळं आपणच सांगायचं. मग 2004 मध्ये रेल्स आलं, 2005 मध्ये जँगो, 2011 मध्ये लाराव्हेल. आता मॉडेलमधून ग्राहक काढायचा, त्याचा पत्ता बदलायचा आणि सेव्ह म्हणायचं. क्वेरी फ्रेमवर्क लिहितं.

तेव्हा लाइव्ह डेटाबेसला हात लावण्याचा एक रिवाज होता. आधी तेच 'व्हेअर' लावून सिलेक्ट चालवायचं, किती ओळी येतात ते बघायचं. मग बिगिन, मग अपडेट. शेजारचा कुणीतरी खुर्ची ओढून मागे येऊन बसायचा. एंटर दाबलं की किती ओळी सापडल्या आणि किती बदलल्या, ते पडद्यावर उमटायचं. आकडा जुळला तर कमिट, नाही जुळला तर रोलबॅक.

आता मागे कुणी येऊन बसत नाही. कोड गिटमध्ये जातो, सहकारी तो आपापल्या घरून तपासतात, टेस्ट आपोआप चालतात.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मात्र नाही. 'व्हेअर' राहून गेलं की टेबलातल्या सगळ्यांचा पत्ता एकच व्हायचा. मायएसक्यूएलची टेबलं मायआयसॅमची असली, तर रोलबॅकची सोयच नसायची. फॉर्ममधला मजकूर सरळ क्वेरीत चिकटवला जायचा. डिसूझा आडनावातली एक अपॉस्ट्रॉफी क्वेरी मोडायची, आणि तीच फट कुणी मुद्दाम वापरली तर सगळा डेटा त्याच्या हाती जायचा.

आता मॉडेल मजकूर आणि क्वेरी वेगळे ठेवतं, त्यामुळे ती फट सहसा उरत नाही. पण दुसरी पडते. जँगोचं सेव्ह, वेगळं सांगितलं नाही तर, सगळेच कॉलम पुन्हा लिहितं. एकीनं रेकॉर्ड उघडून फोन बदलला, दुसऱ्यानं तेच रेकॉर्ड तिच्याआधी उघडून तिच्यानंतर पत्ता सेव्ह केला, की जुना फोन गुपचूप परत येतो. हातानं लिहिलेली क्वेरी फक्त पत्त्यालाच हात लावायची. यावर 'अपडेट फील्ड्स'चा उपाय आहे, पण तो कुणीतरी आठवणीनं लिहावा लागतो.

जुन्या क्वेऱ्या परत याव्यात असं आम्हाला वाटत नाही. हळहळ वाटते ती बदलण्याआधी ओळ डोळ्यांखालून घालण्याच्या सवयीची. ती ओळ म्हणजे कुणाचा तरी पगार असतो, कुणाचं तरी औषध असतं. म्हणून नव्यानं या कामात आलेल्यांना एवढंच सांगणं: सेव्ह लिहिलंत की फ्रेमवर्कनं त्याखाली कुठली क्वेरी चालवली, ती एकदा लॉगमध्ये वाचा. जेवढं बदलायचं होतं तेवढंच बदललं ना, हे बघणं आजही आपलंच काम आहे.