बारा वेशींचं नगर

सातारा, रविवार रात्र

स्वर्गात करायचं काय? नुसतं अखंड स्तोत्रगायन? खरं सांगायचं तर त्याची मला धास्तीच वाटते. बायबलच्या प्रकटीकरणातल्या स्वर्गीय नगराला मात्र बारा वेशी आहेत, कधीच बंद न होणाऱ्या. तिथे मंदिरही नाही. देव थेट माणसांत राहतो. १९१७मध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांना तीच उघडी वेस दिसली असावी.

तिकडे मिरजेत १८९४मध्ये मिशनरी डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं. स्वर्गात दुखणंच नाही, म्हणजे डॉक्टरांना कायमची रजा! पण सेवेची सवय जडलेली माणसं स्वस्थ बसतील? मला नाही वाटत. एकमेकांसाठी करण्याजोगं काहीतरी तिथेही उरेलच. नाहीतर तो स्वर्ग कसला?