श्वासाची तालीम

शिरवणे, नवी मुंबई

प्रिय गजाननराव यांस,


आपले पत्र पोचले. डायालिसिस सुरू झाल्यापासून वहिनींनी आपणांस अंगणात फिरण्याचीही मनाई केली असून चहाचा कपसुद्धा खाटेवर आणून दिला जातो, हे वाचून त्यांच्या मायेविषयी आदर वाटला आणि त्या मायेची थोडी धास्तीही वाटली. कारण ज्या देहाने उरणच्या मिठागरात उन्हातान्हात मिठाच्या पाट्या वाहिल्या, त्याला आता कायमची नजरकैद फर्मावणे म्हणजे रोगाने अर्धवट सोडलेले काम आपल्या हातांनी तडीस नेणे होय.

वहिनींचा तरी दोष काय? आपल्या पिढीच्या कानांवर डायालिसिस हा शब्द पडला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. 1975 च्या नोव्हेंबरात चंडीगढच्या बंदिवासातून सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, आणि 1979 च्या ऑक्टोबरात देहावसान होईपर्यंत त्यांचे आयुष्य डायालिसिसच्या यंत्राशी बांधलेले राहिले. तेव्हापासून डायालिसिस म्हणजे शय्या, हे समीकरण मनात रुजले ते आजतागायत.

वस्तुतः यंत्र रक्त शुद्ध करते, साठलेले पाणी काढते, परंतु झिजलेला स्नायू परत देत नाही. रक्तातील आम्लता, पंडुरोग, मंदावलेली भूक, आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तासांची सक्तीची स्थिरता यांनी मांड्या-पोटऱ्या वाळतात हे डोळ्यांना दिसते. पण छाती आणि उदर यांच्या सीमेवर जे श्वासपटल अहोरात्र राबते, तेही स्नायूच असल्यामुळे त्याच न्यायाने क्षीण होते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि जिना चढताना लागलेल्या धापेचे खापर सरसकट पाण्याच्या माथी फुटते. पाणी पुष्कळदा दोषी असतेही. पाय सुजले, उताणे निजवेना आणि दम एकाएकी वाढला, तर तो व्यायामाचा विषय नव्हे. त्या वेळी थेट रुग्णालय गाठावे.

माझे डायालिसिस होते त्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट मुलगी येते. तिने माझ्या हातात मुठीएवढी प्लॅस्टिकची नळी दिली, नाकाला चिमटा लावला आणि श्वास आत ओढण्यास सांगितले. नळीत स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोर लावल्याखेरीज ती उघडत नाही. नवखा माणूस नळी पिपाणीसारखी फुंकू लागतो. मीही फुंकली, आणि शेजारच्या पलंगावरील गृहस्थ मनसोक्त हसले. शस्त्रक्रियेनंतर देतात तो, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलण्याचा संच निराळा; त्याने श्वास खोल जातो, पण ओढीला म्हणावा तसा रोध मिळत नाही. आधी आपली कमाल ओढ मोजतात, बहुधा तिच्या तीस टक्क्यांच्या आसपास रोध ठेवून आरंभ करतात, आणि अंगवळणी पडेल तसतशी स्प्रिंग आवळतात.

पायांसाठी पलंगाच्या पायथ्याशी पेडल ठेवलेले असते. सुया टोचून रक्त फिरू लागले की पहिल्या दोन तासांतच ते मारावयाचे, कारण पुढे पाणी निघत जाते तसा रक्तदाब पडण्याचा व गोळे येण्याचा संभव वाढतो. फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला, हात मात्र स्वस्थ ठेवावयाचा, ही ताकीद कडक आहे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे मात्रा योग्य. दहा मिनिटांनी आरंभ करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. ज्या दिवशी दाब भलताच चढलेला असेल, छातीत दुखत असेल किंवा दोन पाळ्यांमध्ये वजन फार वाढले असेल, त्या दिवशी सुट्टी.

आता लाभाचा हिशेब. जर्मनीतील डायालिसिस केंद्रांत हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला: उपचार चालू असतानाच वर्षभर व्यायाम करणाऱ्यांची, एका मिनिटात खुर्चीवरून उठण्या-बसण्याची शक्ती वाढली, आणि न करणाऱ्यांची घटली. श्वासाच्या तालमीचे प्रयोग त्या मानाने लहान आहेत, त्यांतील पुष्कळसे ब्राझीलमधले. त्यांत ओढीचा जोर व चालण्याचे अंतर वाढल्याचे आढळते. आयुष्य वाढते, असा दाखला मात्र अद्याप कोणी दिलेला नाही, आणि जो तशी हमी देईल त्याच्यापासून चार हात दूर राहावे. माझ्यापुरते सांगावयाचे तर जुईनगर स्थानकाचा पूल मी मध्ये न थांबता चढतो, आणि तेवढ्यावर मी संतुष्ट आहे.

तरी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टची मंजुरी प्रथम घ्यावी, इको आणि हिमोग्लोबिन पाहून त्यांनी होकार दिल्यावाचून काहीही करू नये. 2024 च्या जानेवारीपासून उरणहून नेरूळपर्यंत थेट लोकल झाली आहे. वहिनींना घेऊन माझ्या सकाळच्या पाळीला यावे, आत बसण्याची परवानगी मी काढून ठेवतो. पेडल मारताना माझ्या यंत्रावरील आकडे त्यांनी स्वतः पाहावेत, त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला हवे ते प्रश्न विचारावेत, आणि मग आपल्या अंगणाचा निकाल द्यावा. येताना रिपोर्टांची फाइल विसरू नये.



आपला,
वसंत